दोन बोटं माया

कोट अंगात गेला, पण बटण काजात जाईना. लेकीनं श्वास आत ओढला, पोट आत घेतलं, तरी चार बोटं कमीच. बाही मनगटाच्या पार वर येऊन थांबली, पाण्यात उतरायचं असल्यासारखी.

मास्तर मशीनमागनं बघत होता. चाळीस वर्षं शिवतोय, एक कपडा परत आला नव्हता. गिऱ्हाईक दारातनं आत येईपर्यंत तो कंबर किती ते सांगायचा आणि तेवढीच निघायची. आणि पोटच्या पोरीचा कोट फसला.

"माप घ्या म्हणून महिनाभर सांगतेय," बायको म्हणाली.

महिनाभर मास्तरचं उत्तर एकच होतं, पोरीचं माप मला पाठ आहे. पाठ होतंच, खोटं नाही. फक्त सहा वर्षांपूर्वीचं होतं, ती नर्सिंगला गेली तेव्हाचं. तेव्हा अशी काटकुळी होती, की तो तिला सुई म्हणायचा. सहा वर्षं रोगी उचलून उचलून सुईचे खांदे भरले होते. सगळ्यांना दिसत होते, बापाला सोडून.

साडेदहा झाले होते. बाराला गाडी येणार होती. जायचं तिथं मिशनचा लहानसा दवाखाना, वर्षातले आठ महिने थंडी, आणि पाच वर्षं घरी येणं नाही.

"राहू द्या बाबा, मी बटण न लावता घालीन," सुई म्हणाली.

"आणि थंडीला काय सांगशील? माझा बाप शिंपी आहे म्हणून?"

ती हसली. मास्तर नाही हसला.

रविवारी मिशनच्या देवळात पाळकसाहेबांनी दोघा आईबापांना पुढं बोलावलं होतं. लेकीवर हात ठेवा आणि प्रार्थना करून तिला पाठवा, म्हणाले. आई गेली. मास्तर बाकाखाली वाकून चष्मा शोधत राहिला. चष्मा नाकावर होता, अख्ख्या मंडळीला दिसत होता. सुईनं घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण जायच्या आधी तो हात तिला हवा होता, आणि हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

मास्तरचं भांडण मिशनशी नव्हतं, वरच्याशी होतं. सुई दीड वर्षाची असताना तापानं फणफणली होती, तेव्हा यानंच गुडघे टेकून म्हटलं होतं, एवढी वाचव, मग ती तुझीच. वाचली. पुढं बावीस वर्षं वरनं काही निरोप नाही. याला वाटलं, विसरला असेल.

"काढ तो," मास्तर म्हणाला.

त्यानं कोट उलटा केला आणि ब्लेडनं सरसर अस्तर उसवलं. बायको सुईत दोरा ओवून द्यायला जवळ आली आणि तशीच थांबली. प्रत्येक शिवणीच्या आत दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

पुढंमागं कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत असं जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. मास्तरची माया गल्लीत प्रसिद्ध होती, म्हणजे नव्हतीच. अर्ध्या बोटाच्या वर कुणाला सोडली असेल तर शपथ. पोट सुटलं तर काय करायचं मास्तर, असं एखाद्यानं विचारलं, तर हा म्हणायचा, चालायला जा.

"अहो, एवढी माया?" बायको म्हणाली.

"कापड उरलं होतं."

कापड तिनंच आणलेलं. पोरीचा कोट आणि त्यातच मास्तरचं एक जाकीट निघावं, असं मोजून आणलेलं. जाकिटाचं तिनं काही विचारलं नाही.

"इकडं ये. पाठ कर," मास्तर लेकीला म्हणाला.

गळ्यातला टेप काढून त्यानं तिच्या पाठीवर धरला, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. एकदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग टेप सुटून खाली पडला, पण हात तिथंच राहिले, दोन खांद्यांवर दोन.

सुईनं मान खाली घातली आणि डोळे मिटले.

एरवी मास्तर आकडा सांगायचा आणि बायको तो वहीत लिहायची. आज तिनं वही उघडली नाही. हातातला दोरा बाजूला ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि तिनंही डोळे मिटले.

मास्तरला प्रार्थना कधी धड जमली नव्हती. देवळात त्याचे ओठ हलायचे, तेसुद्धा दुसऱ्यांचे बघून. हाताखाली पोरीचा श्वास वर-खाली होत होता. मग त्यानं छताकडं बघितलं आणि नवख्या कारागिराला बजावावं तसं दमात घेऊन म्हणाला,

"खांदा पंधरा आहे. लक्षात ठेव."

"आमेन," बायको हळूच म्हणाली.

"आमेन कसलं," मास्तर खाकरला आणि टेप उचलायला वाकला. "बाही राहिलीय अजून."