पक्कं घर

बापाला पुरून परतलो तेव्हा आई जळतं लाकूड घेऊन दारात उभी होती. घरात माणूस गेला की घर जाळायचं आणि नदीच्या वरच्या अंगाला निघून जायचं, म्हणजे मेलेल्याला परतायला ठिकाण उरत नाही, ही पेरूच्या जंगलातल्या आम्हा आशानिंका लोकांची रीत. पण हे घर परदेशातल्या भागीदार चर्चने पाळकाच्या, म्हणजे माझ्या, कुटुंबासाठी प्रेमाने बांधलेलं. "जाळ," आई म्हणाली. "सिमेंट जळत नाही, आई." "मग सोडून जाऊ." "पुढच्या होडीने पाहुणे हेच बघायला येताहेत. त्यांना काय सांगू?" "आणि तुझ्या बापाला काय सांगू?" तिने लाकूड भिंतीला टेकवलं. भिंत नुसती काळी झाली. मग आत जाऊन तिने भोपळ्याच्या दोन वाट्यांत कसाव्याच्या कंदांचं आंबील ओतलं. "मला नको," मी म्हणालो. "दुसरी तुझी नाही. तो येईल आता."