वेशीवर थांबलेला एजंट

एजंट बापूनं वेशीवरच गाडी थांबवली आणि घराची किल्ली शिरोडकरांच्या हातात ठेवली. “तुमी बघून येवा. मी हयच रवतंय.”

पणजीच्या फ्लॅटखालच्या गॅरेजनं शिरोडकरबाईंची झोप दहा वर्षं खाल्ली होती. इथं मात्र कोंबडा नाही, कुत्रं नाही, कुणाचा टीव्ही नाही. नव्या घराच्या ओटीवर बाई बसल्या बसल्या घोरायला लागल्या, आणि शिरोडकरांना भरूनच आलं. ऑफिस दीड तास लांब पडलं तर पडू दे. त्यांनी वेशीवर परत येऊन बॉनेटवरच सह्या ठोकल्या.

शाई वाळायच्या आत माळावरून ढोल कडाडले. गुरं, कुत्री, डोक्यावर कोंबड्यांची खुराडी घेतलेल्या बायका, अख्खं गाव वेशीतून आत घुसलं.

शिरोडकर गुरांच्या वाटेतून बाजूला झाले. “हे काय?”

“गावपळण संपली. देवाच्या कौलानं तीन दिवस गावात कोणी रवाचा नाय. म्हणानच मी आत इलंय नाय.”

“आणि हे ढोलवाले? राहतात कुठं?”

बापूनं कागद घडी करून खिशात घातले. “तुमच्याच मागच्या दारी. माणसां लय बरी. फक्त रोज तालीम करतत.”