दुधातली पावडर

संत्र्याच्या झाडावरून पडलेल्या वामनरावांचं पायाचं हाड काही केल्या जुळेना. डॉक्टरांनी औषधांसोबत दिलेली पावडर दुधात ढवळत नववीतली मोनाली झोकात म्हणाली, "बाबा, हे हाडं घडवणाऱ्या पेशींले कामाले लावते!"

"कायपासून बनते?"

महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेले बाबा अंड्यालाही शिवत नसत. मोनाली अडखळली, पण खोटं बोलली नाही. "मासोईच्या कातडीपासून."

बाबांनी पेला दूर सारला.

"मंग तुमाले आता कधीच चालता नाही येणार काय?" तिला रडूच फुटलं.

बाबांनी डोळे मिटून पेला रिकामा केला.

पावडर रोज पोटात गेली आणि काही महिन्यांनी हाड जुळलं. काठी टेकत बाबा तिच्यासंगं रिद्धपूरच्या, आपल्या पंथाच्या देवळापर्यंत आले आणि पायरीशीच थांबले.

"चला ना आत, बाबा."

"तू जाय, बेटा. मी उभा आहो ना इथं."