गवतातला हाकारा

"बाबा, आई घरात नाहीत!" सून बांधावरूनच ओरडली. "आणि मोठी थाळीपण जागेवर नाही!"

शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मशीन बंद कर!" तो ड्रायव्हरवर खेकसला. पाती थांबली. समोर दोन पुरुष उंचीचं गवत उभं होतं, आणि थाळी नाही म्हणजे त्याची बायको त्या गवतात शिरली होती.

वीज बनवण्यासाठी वीजघरात जाळायला लावलेलं गवत ते. एकदा लावलं की वर्षानुवर्षं नांगर लावायचा नाही, हिवाळा सरताना फक्त कापून न्यायचं. लावलं त्या वर्षी मोकळ्या रानात घरटी करणारे चंडोल निघून गेले, तेव्हा बायको कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती. मग हळूहळू दुसरीच बिऱ्हाडं आली. जमीन कुणी उकरत नाही म्हटल्यावर ससे आले, तितर आले, आणखी कोण कोण आले. तिने त्यांनाही आपलं मानलं. दर कापणीला मशीनच्या आधी ती थाळी बडवत गवतातून फिरायची आणि सगळे बाहेर पडले की मगच हात वर करायची.

"झाली का भाडेकरूंची हजेरी?" तो चिडवायचा.

"हसा तुम्ही," ती म्हणायची. "तुम्हाला नुसतं सरपण दिसतं."

अलीकडे तिला विसर पडू लागला होता. सुनेला ती नर्स समजायची. पोटच्या मुलाला तिने एकदा पोस्टमन समजून पाणी दिलं. नवऱ्याला मात्र विसरली नव्हती. कुणाच्या हाकेला ओ न देणारी ती, त्याने नुसतं 'अगं' म्हटलं की 'आले हो' म्हणत यायची. त्याच्या म्हातारपणाला तेवढाच आधार होता. यंदाची कापणी तिच्यापासून लपवायची असं घरात ठरलं होतं. पण मशीनचा आवाज कसा लपवणार?

"अगं!" त्याने हाक मारली. "अगं, मी आहे!"

वाळलेली पाती नुसती सळसळत राहिली. तो हाका मारत बांधाबांधाने पळाला. घसा बसला तरी 'आले हो' काही ऐकू येईना.

"काका," ड्रायव्हरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी कडेने एक फेरी मारली हो."

"पुढे बोलू नकोस."

कापलेल्या पट्ट्यातून तो जीव मुठीत धरून चालत गेला. प्रत्येक पेंढीखाली बघत गेला. काही सापडलं नाही.

तेवढ्यात आत कुठेतरी थाळी वाजली.

आधी तितर फडफडत बाहेर आले. मग ससे, एक कोल्हीण, मागोमाग हरिणी आणि तिचं पाडस. नावंही माहीत नसलेली इवली पाखरं थव्याने उडाली. एवढे जीव आपल्या शेतात राहत होते आणि आपण एकदाही तिच्याबरोबर आत गेलो नाही, या विचाराने त्याला रडू कोसळलं.

सगळ्यांच्या मागून ती आली. केसांत काड्या, हातांवर ओरखडे, पण धडधाकट. त्याचा जीव भांड्यात पडला. धावत जाऊन त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"अगं, किती हाका मारल्या मी!"

तिने अवघडून हात सोडवून घेतले आणि दोन पावलं मागे सरकली.

"दादा, मशीन एवढ्यात सुरू करू नका हं," ती हळूच म्हणाली. "बाकी सगळे निघाले. आमचे हे तेवढे आत राहिलेत. मघापासून हाका मारतायत मला."