गार डबा

बाळाबाईंच्या जुन्या राउटरवर टेकवलेली टोपली बाजूला ठेवून कैलासनं तिथं कमी वीज खाणारा नवा राउटर बसवला, टोपली परत जागेवर ठेवली आणि तो निघाला. कासारसाईच्या धरणापर्यंतही पोचला नव्हता, तोच बाईंचा फोन आला. "तुझा डबा बिघडलाय. आधी माघारी ये."

गावातला पहिलाच नवा राउटर, आणि पहिल्याच घरी नाक कापलं जाणार म्हणून त्यानं धास्तावून गाडी वळवली. घरात नात प्रियंका मोबाइलवर व्हिडिओ बघत बसली होती आणि तो एकदाही अडकत नव्हता.

"मावशी, नेट तर झकास पळतंय की."

"नेटाला कोण नावं ठेवतंय? डब्याला हात लावून बघ. पार गारठलाय."

कैलासचा जीव भांड्यात पडला. "आवो, तीच तर खुबी हाय त्याची. जुना उगा तापून वीज खायचा. ह्यो दिवसरात चालला तरी तापायचा न्हाई."

बाळाबाईंनी टोपलीवरचं फडकं उचललं. आत अकरा अंडी होती.



"कोंबडी मुंगसानं नेली. आता ऱ्हायलेले नऊ दिवस तू बसतोस का ह्यांच्यावर?"