ठिपका

ठिपका आला नाही.

तिने तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून चालवलं. संगणकाने चार तास खाल्ले आणि तोच नकाशा पुढे ठेवला. पेशीत गुंडाळलेल्या गुणसूत्राचे कोणते भाग एकमेकांना टेकतात, ते दाखवणारा नकाशा. दोन लांबचे भाग टेकले, की तिथे गडद ठिपका उमटतो. तिच्या ठिपक्याच्या जागी नुसता फिकट रंग होता.

नऊ वर्षांपूर्वी याच ठिपक्यावर तिचा शोधनिबंध निघाला होता. एका रक्ताच्या आजाराचं मूळ या ठिपक्यात आहे, असं त्यात लिहिलं होतं. पुढे पीएच.डी.ची पदवी, मग याच संस्थेत स्वतंत्र खोली आणि दारावर पाटी. आता संस्थेने तिला एक पक्की पाइपलाइन बसवायला सांगितली होती. प्रत्येक पायरी लिहिलेली, प्रत्येक प्रोग्रॅमची आवृत्ती ठरलेली; म्हणजे तोच डेटा कुणीही, कुठेही चालवला, तरी उत्तर तेच यावं. चाचणीसाठी तिने स्वतःचाच जुना डेटा घेतला. त्याचं उत्तर तिला पाठ होतं.

तिने जुन्या फायली उघडल्या. दहा मिनिटांत चूक हाती लागली. नमुना यंत्रात घालण्याआधी त्याच्या भरमसाट नकला काढतात. मोजताना त्या वगळायच्या असतात. तिच्या प्रोग्रॅममध्ये वगळण्याची ओळच बंद होती. एकच तुकडा शेकडो वेळा मोजला गेला होता आणि त्यानेच तिथे गडद ठिपका उमटला होता.

ती खुर्चीत मागे टेकली. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलाशी बसणारा तिचा मित्र हेच सांगत होता. त्याने तिचं काम पुन्हा करून पाहिलं होतं आणि त्याला ठिपका मिळाला नव्हता. लॅबमध्ये त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. विभागप्रमुख मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवून तिला विचारलं होतं, "तू तपासलंस?"

"तपासलं," ती म्हणाली होती. "चूक त्याच्याकडेच आहे. तो नेहमी घाई करतो."

त्याच्यावर धांदरटपणाचा शिक्का बसला. त्याला कुणी मार्गदर्शक मिळेना. वर्षभरात पदवी अर्धवट टाकून तो गेला. आता कुठल्याशा नगरपालिकेत पाण्याचे नमुने तपासतो, एवढंच तिच्या कानावर आलं होतं.

तिने निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. पाठवलं. मग कुणाकुणाला विचारून त्याचा नंबर मिळवला.

फोन लहान मुलीने उचलला. "बाबा, कोणीतरी बाई आहेत."

तो आला. तिने नाव सांगितलं.

"तू बरोबर होतास," ती म्हणाली. "ठिपका खोटा होता. निबंध मी मागे घेतलाय. चूक तू तेव्हाच दाखवली होतीस, असं पत्रात लिहिलंय."

"मला माहीत आहे ते," तो शांतपणे म्हणाला. "तुला कधी कळलं?"

"आज. तू सांगितल्यानंतर फायली आज पहिल्यांदाच उघडून बघितल्या."

"आज?"

तिने पडद्यावरची जुनी फाइल बंद केली.

"मला वाटायचं, तुला दिसलं होतं आणि पदवी हातची जाईल म्हणून तू खोटं बोललीस," तो म्हणाला. "ते मी केव्हाच माफ केलं होतं. तू बघितलंसुद्धा नव्हतंस, हे आज कळतंय."