पहिल्या नंबरचा पट्टा

आतून पुन्हा किंकाळी आली आणि थोरल्याच्या हातातला बुटाचा तळ खाली पडला. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने तो उचलून दिला, पण मान वर केली नाही. गोदामाच्या बंद दाराआड पट्टा सपासप वाजत होता आणि थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ गुरासारखा ओरडत होता.

दाराबाहेर साहेब चहा पीत उभे होते. ते आल्यापासून या बुटांच्या कारखान्यात काम दुप्पट झालं होतं, आणि त्यामागची शक्कल ते कुणालाही हौसेने सांगत. आठवड्यात ज्याचे तळ सगळ्यांत जास्त कापून होत, त्याला शनिवारी अर्धी सुट्टी आणि हातात मशीनचा जाड पट्टा. ज्याचे सगळ्यांत कमी, त्याची पाठ.

"मी कुणाला बोटही लावत नाही," साहेब म्हणत. "बक्षीसही तुमचं, शिक्षाही तुमचीच."

आवाज मनासारखा आला नाही तर ते दोघांनाही कायमचं घरी बसवत. दार मात्र बंदच लागे, कारण रक्त दिसलं की साहेबांना घेरी येई. वाघाचं कातडं पांघरलेली शेळी, दुसरं काय!

पहिला नंबर बहुतेक रेड्याचा. हे नाव त्याला अंगामुळे पडलेलं. मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळत नसे. शेवटचा नंबर बहुतेक धाकट्याचा. थोरला कायम मध्येच कुठेतरी, त्यामुळे त्या दाराआड तो कधी गेलाच नव्हता. जाऊन आलेले लोक काही सांगत नसत. त्यातून थोरल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्याच्यासमोर तर तो विषयही निघत नसे.

घरी धाकटा पालथा पडून राहिला. वहिनी मलम घेऊन आली तसा तो कळवळून ओरडला, "हात लावू नकोस, वहिनी!" शर्टसुद्धा काढू देईना. पालथ्या पालथ्या पोटभर जेवला मात्र. पोरगं दुःख गिळतंय असं वाटून थोरल्याला रडू फुटलं. याला या कारखान्यात चिकटवणारा तोच होता.

"पुढच्या खेपेला मरेल हा," तो बायकोला म्हणाला.

"मग तुम्ही काढा की पहिला नंबर. पट्टा तुमच्या हातात आला तर हळू माराल."

"रेडा असताना?"

"रेडा झाला म्हणून काय? त्यालाही दोनच हात आहेत."

बायको बोलून मोकळी झाली. थोरल्याच्या डोक्यातून मात्र ते दोन हात जाईनात.

सोमवारी रेड्याचा जोडीदार आला नाही. तळ कापायच्या प्रेसवर दोघं लागतात: एकाने रबराचा पत्रा साच्याखाली सरकवायचा, दुसऱ्याने पायाने दाब द्यायचा. थोरला आपण होऊन दाब द्यायला उभा राहिला. रेडा खूश झाला.

"धाकटा कसा आहे रे?" त्याने हसत विचारलं. "गळा काय आहे पोराचा!"

थोरल्याची तळपायाची आग मस्तकात गेली. रेड्याचा उजवा हात साच्याखाली असतानाच त्याने पाय दाबला. मशीनच्या धडधडाटातही हाडं मोडलेली ऐकू आली. साचा वर गेला तेव्हा बोटं कुठली आणि रबर कुठलं ते कळत नव्हतं.

"पाय घसरला," थोरला म्हणाला.

साहेबांच्या राज्यात जखमेला रजा नव्हती. रेडा हाताला जाडजूड पट्ट्या बांधून कामावर आला, पण एका हाताने तळ होणार किती? शनिवारी त्याचा नंबर शेवटचा लागला. थोरल्याने आठवडाभर पाणी प्यायलाही मशीन सोडलं नव्हतं. तो पहिला आला. धाकटा वाचला. थोरला इथेच थांबला असता तर किती बरं झालं असतं.

साहेबांनी पट्टा हातात दिला. दाराशी रेडा त्याच्या कानाला लागला. "चल आत. मग कळेल तुला."

ती धमकी ऐकून थोरला आणखीच पेटला. दार लागलं. रेड्याने तोंड उघडायच्या आत पट्ट्याचं लोखंडी जोडाचं टोक त्याच्या जबड्यावर बसलं.

"अरे थांब... तिकडे, तिकडे..." रेडा दुखऱ्या हाताने कोपरा दाखवत होता. थोरल्याने त्याच हातावर हाणलं. आता रेडा ओरडू लागला, आणि थोरल्याला त्यात भावाची एकेक किंकाळी ऐकू येत होती. एकेकीची तो परतफेड करत होता. रेडा गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कोसळला. पाठ, मान, डोकं, थोरल्याने काही पाहिलं नाही. रेड्याचा आवाज बंद झाल्यावरही पट्टा बराच वेळ वाजत राहिला.

"शाबास! याला म्हणतात काम," बाहेरून साहेब म्हणाले आणि कचेरीकडे निघून गेले.

दार जरासं उघडून धाकटा आत शिरला. आत उजेड बेताचाच होता. त्याला हसू आवरत नव्हतं. कोपऱ्यात चामड्याच्या कातरणांचा पुरुषभर उंच गठ्ठा उभा होता आणि पट्ट्याच्या माराने त्यावरच्या गोणपाटाच्या पार चिंध्या झाल्या होत्या. धाकट्याने त्यावर थाप मारली.

"अखेर तुलाही कळलं ना, दादा? यालाच बडवतो आम्ही सगळे. युक्ती रेड्याचीच. पण खरं सांगू, आजच्यासारखा आवाज कुणालाच काढता आला नव्हता!" मग तो जमिनीवर पडलेल्या रेड्याकडे वळला. "उठा आता, रेडेराव. साहेब गेले."